मुक्काम पोस्ट पातूर

मे संपता संपता किंवा जून लागता लागता अकोला जिल्ह्यात पारा ४४-४५च्या घरात असतो. शेतं नांगरून उघडी पडलेली, विहिरींनी तळ गाठलेला, आणि दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशा दिवसांत वाडेगावहून पातूरकडे येणाऱ्या वाटेवर एका दिवसापुरतं चित्र पालटतं. बाया हंडे, कळशा, बादल्या घेऊन दाराशी उभ्या. कुणी तापलेल्या डांबरावर पाणी मारतंय, कुणी त्या ओल्या डांबरावरच रांगोळी घालायची धडपड करतंय. लिंबू-सरबताची पिंपं भरलेली. वाडेगाव लिंबांचंच गाव, त्यामुळे सरबताला लिंबू कमी पडायचा प्रश्न नाही. मग लांबून टाळांचा एकसारखा ठेका येतो, भगव्या पताका दिसतात, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या दोन सरळ ओळी गावात शिरतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघालेली असते. आजचा मुक्काम पातूर.

साधारण सातशे वारकरी. वाटेत सातशे किलोमीटरच्या वर चाल. महिनाभराहून थोडे जास्त दिवस. नागझरी, पारस, गायगाव, अकोला, वाडेगाव, पातूर, मग घाट चढून मेडशी, शिरपूर, रिसोड, पुढे मराठवाड्यात औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असं करत पालखी आषाढीच्या आधी पंढरीला पोहोचते.

अंतराचे आणि दिवसांचे हेच आकडे हजारो किलोमीटरवर, स्पेनच्या उत्तर भागातल्या एका वाटेलाही लागू पडतात. फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून निघून पश्चिमेला सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी जाणारी ती वाट. तिकडे तिला कामिनो म्हणतात. लांबी पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास, आणि चालणारे तिचे साधारण तेहेतीस टप्पे पाडतात. शेवटी ख्रिस्ताचा शिष्य सेंट जेम्स याची समाधी मानलेली जागा आणि तिच्यावर उभं राहिलेलं भव्य कॅथेड्रल. वाटेत पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन ही एकाहून एक देखणी कॅथेड्रलची शहरं. परदेशी जाणारा मराठी प्रवासी आता बार्सिलोना-माद्रिदच्या पुढे सरकून या शहरांपर्यंत पोहोचू लागला आहे. तो बुर्गोसचे मनोरे पाहून थक्क होतो, फोटो काढतो, आणि असं आपल्याकडे काही नाही म्हणून हळहळतो. त्याची हळहळ थोडी घाईची आहे. बुर्गोस घडलं ते वाटेमुळे. वाटेवरचं, घाटाच्या तोंडाशी बसलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला एक रात्र ठेवून घेणारं गाव पाहायचं तर पातूर अकोल्याहून तासाभराच्या एसटीवर आहे.

आधी बुर्गोस.

२० जुलै १२२१ रोजी राजा तिसरा फर्नांडो आणि बिशप मॉरिस यांनी तिथल्या कॅथेड्रलचा पाया घातला. बिशप फ्रान्समधली नवी बांधणी पाहून आलेला होता, आणि त्या पद्धतीची उंच, टोकदार कमानींची इमारत त्याला आपल्या गावात हवी होती. काम पुढे तीनशेहून अधिक वर्षं चालू राहिलं. आज दुरून नजरेत भरणारे जाळीदार मनोरे पंधराव्या शतकातले, आणि ते बांधणारा हुआन दे कोलोनिया हा मूळचा जर्मनीतल्या कोलोनचा. नाव स्पॅनिश झालं, गाव मात्र आडनावात राहिलं. त्याचा मुलगा सिमोन याने मागच्या बाजूचं सरदाराचं अष्टकोनी दालन बांधलं. मधला घुमट १५३९ साली कोसळला, तो पुन्हा उभा करायला जवळपास तीस वर्षं गेली. त्याच घुमटाखाली स्पेनचा लोकनायक एल सिद आणि त्याची बायको हिमेना यांच्या अस्थी १९२१ साली आणून ठेवल्या. आत भिंतीवर उंच एक घड्याळ आहे. त्यावरचा बाहुला दर तासाला तोंड उघडून मिटतो, म्हणून त्याचं नाव ‘पापामोस्कास’, म्हणजे माशा गिळणारा. आठशे वर्षांच्या वास्तुकलेसमोर माना वर करून उभी असलेली माणसं सर्वांत जास्त गर्दी करतात ती या बाहुल्यापाशी. आपल्या देवळांतल्या नगारखान्यापुढे पोरंटोरं जमतात, त्यापेक्षा वेगळं काही नाही.

१९८४ साली युनेस्कोने हे कॅथेड्रल जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पण शहराचा खरा व्यवसाय आतल्या दगडात नाही, बाहेरच्या रस्त्यावर दिसतो. बाराव्या शतकाच्या शेवटी राजा आठवा अल्फोन्सो याने गावाबाहेर यात्रेकरूंसाठी एक मोठं इस्पितळ बांधलं, ‘ओस्पिताल देल रे’. तिथे थकलेल्याला खाट मिळे, भाकर मिळे, आणि मेल्यावर मातीही मिळे. आज त्या वास्तूत विद्यापीठ आहे. आणि कॅथेड्रलच्या पाठीमागच्याच गल्लीत नगरपालिकेची धर्मशाळा आहे. पाठीवर पिशवी, पायाला फोड, काठीला अडकवलेला शिंपला अशी माणसं दुपारपासून तिथे रांग लावतात. त्यांच्याजवळ एक घडीचं पुस्तक असतं. मुक्कामाच्या प्रत्येक गावी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शेवटचे शंभर किलोमीटर तरी पायी चालल्याचे शिक्के दिसले, की सांतियागोला लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं. २०२४ साली अशी जवळजवळ पाच लाख प्रमाणपत्रं दिली गेली.

या आकड्याने दबून जायचं कारण नाही. कामिनो हजार वर्षांपासून अखंड चालत आली आहे, असा पर्यटनाच्या पत्रकांचा सूर असतो. तो खरा नाही. धर्मयुद्धं, साथी, बदलती श्रद्धा आणि पुढे मोटारी यांनी ही वाट जवळजवळ मोडून काढली होती. १९८६ साली सांतियागोला नोंद झालेले यात्रेकरू होते तीन हजारांच्याही आत. त्याच दशकात ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचा धर्मगुरू एलियास वालिन्या हातात पिवळ्या रंगाचा डबा घेऊन फिरला, झाडांवर, दगडांवर, गोठ्यांच्या भिंतींवर बाण रंगवत. आज जगप्रसिद्ध झालेले ते पिवळे बाण एवढे अलीकडचे आहेत. १९८७ साली युरोपच्या परिषदेने या वाटेला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, १९९३ साली युनेस्को आलं, आणि मग गर्दी.

शेगावची पायी पालखी त्या वेळी पंढरपूरची वाट तुडवतच होती. संस्थानाने ती सुरू केली त्याला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. म्हणजे स्पेनमधली ‘प्राचीन’ वाट पुन्हा चालती झाली, त्याच्या आधीपासून पातूरच्या बाया जेठातल्या एका दिवशी हंडे भरून दाराशी उभ्या आहेत. कुणीही झाडावर बाण रंगवलेला नाही.

शेगावचं स्वतःचं माहात्म्यही तसं जुनं नाही. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी महाराज शेगावात लोकांना प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. १९०८ साली अकोल्यात शिवजयंतीच्या सभेला लोकमान्य टिळक आले तेव्हा महाराज त्या मंडपात होते, हे वऱ्हाडात आजही घरच्या गोष्टीसारखं सांगतात. पुढे दासगणूंनी एकवीस अध्यायांचा ‘गजानन विजय’ लिहिला आणि घरोघर पारायणं सुरू झाली. सव्वाशे वर्षांच्या आत एका गावाचं तीर्थ होतं, तीर्थातून वाट फुटते आणि वाटेवरच्या गावांचा वर्षाचा हिशेब त्या वाटेवर बसतो. बुर्गोसला हे व्हायला कैक शतकं लागली. इथे ते डोळ्यांदेखत झालं. ज्याला कॅथेड्रलची शहरं कशी जन्मली ते समजून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी हे भाग्यच म्हणायचं.

पण पातूर शेगावच्याही फार आधीचं आहे.

गाव बसलंय ते अगदी नेमक्या ठिकाणी. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट, कापसाची जमीन. दक्षिणेला एकदम डोंगर उठतो आणि त्याच्या माथ्यावर वाशीमचं पठार. पठारावरून खाली उतरणारा घाट पातूरच्या अंगणात संपतो. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची ऐश्वर्यशाली लेणी कोरली गेली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळा क्रमांकाचं लेणं खोदवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. अशा राजधानीकडे जाणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी, पातूरजवळच्या टेकडीत, कातळात कोरलेल्या गुहा आहेत. जुन्या इंग्रजी नोंदींनी त्यांना बौद्ध विहार म्हटलं. अजिंठ्याचा डामडौल त्यांत नाही. साधे खांब, साधी दालनं, अर्ध्यावर सोडलेलं काम. घाटाखाली व्यापाऱ्यांचे तांडे थांबत, त्यांच्यासोबत भिक्खू आणि बैरागी थांबत, आणि पावसाळ्यात वाट बंद झाली की चार महिने कुठेतरी डोक्यावर दगड हवाच असे. लेणी बहुधा वाटेला धरूनच का कोरलेली सापडतात, याचं उत्तर जुन्नरला नाणेघाटात मिळतं तसंच इथेही मिळतं.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत या गुहा आहेत. योगायोग असा, की बुर्गोसच्याही उंबरठ्यावर गुहाच आहेत. शहराच्या पूर्वेला पंधरा-एक किलोमीटरवर आतापुएर्का. रेल्वेसाठी डोंगर फोडताना तिथले थर उघडे पडले आणि त्यांतून आदिमानवाचे लाखो वर्षांपूर्वीचे अवशेष निघाले. त्या गुहांवर तिथे शहरात एक भलंमोठं संग्रहालय उभं आहे. पातूरच्या गुहा पाहायला आलेल्याला नीट माहिती देणारं चार पानांचं पुस्तक गावातल्या दुकानात मिळालं, तरी पुष्कळ होईल. दगड सांभाळायची स्पेनची हातोटी आपण घ्यावी, हे खुल्या मनाने मान्य करायला हवं. रेल्वेखालचा उकिरडा ते जगाला दाखवतात, आणि आपण पंधराशे वर्षांपूर्वीचा खांब शाळेच्या सहलीलाही दाखवत नाही.

इंग्रजांच्या कागदांत हे गाव ‘पातूर शेख बाबू’ म्हणून येतं. शेख अब्दुल अझीझ ऊर्फ शेख बाबू या सूफी संताचा दर्गा इथे आहे. परंपरा सांगते, की ते चौदाव्या शतकात दिल्लीकडून इकडे आले. गॅझेटियरची आणखी एक नोंद फार गोड आहे. मोगलांचा वऱ्हाडातला सेनापती अब्दुर रहीम खानखाना याने या दर्ग्याच्या बांधकामात भर घातली. हा खानखाना म्हणजे शाळेच्या हिंदीच्या पुस्तकातले दोहे लिहिणारा रहीम. बैरामखानाचा मुलगा, अकबराच्या दरबारातलं रत्न, संस्कृत-फारसी-तुर्की जाणणारा. दख्खनच्या मोहिमांत त्याची कित्येक वर्षं याच मुलखात गेली. पातूरच्या दहावीतल्या पोराने रहीमच्या दोह्यांचा अर्थ पाठ करावा आणि तो माणूस आपल्याच गावाशी नातं ठेवून होता हे त्याला कुणी सांगू नये, ही जरा गमतीचीच गोष्ट.

दर्ग्याइतकंच नाव नानासाहेब महाराजांच्या मंदिराचं. जुन्या गॅझेटियरमध्ये पातूरची ओळख देताना ही दोन स्थानं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. हिवाळ्यात इकडे यात्रा, तिकडे उरूस. खेळणी, फुटाणे, बांगड्या, भांडीकुंडी यांच्या दुकानांना त्यात फरक करायचं काही कारण नसतं. गावाच्या डोक्यावर टेकडीवर रेणुकामातेचं देऊळ. नवरात्रात पहाटेपासून पायऱ्यांवर रांग लागते. वर पोहोचून मागे वळलं, की पूर्णेचं खोरं अकोल्याच्या दिशेने पसरलेलं दिसतं, आणि पाठीशी घाटाचं रान. गाव इथेच का बसलं, हे एका नजरेत कळायचं तर ती जागा हीच.

घाटातून देवभक्तांइतकीच फौजाही उतरल्या. पातूरच्या वायव्येला बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधला तिथला किल्ला अठराव्या शतकातला. नदीकाठी काळ्या दगडाची मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी छत्री. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा तो हाच जयसिंग, १६६७ साली बुऱ्हाणपुरात वारला. १७२० साली बाळापूरच्या रानात निजामाने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पाडाव केला, आणि दख्खनमधल्या निजामशाहीचा पाया तिथे पडला. छत्रीचे बांगडीदार खांब आणि कमानी पाहण्यासारख्या आहेत. पातूरला आलेल्याने बाळापूर टाळू नये.

पुढे १८६७पर्यंत मुंबई-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि अकोला स्टेशनाला महत्त्व आलं. वाशीमकडचा कापूस बैलगाड्यांत भरून घाट उतरू लागला. घाट उतरला की बैल सोडायचे, पाणी पाजायचं, चुलीवर भाकरी टाकायची, ते पातूरला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे रेल्वे सुरू झाली, पण ती बार्शीटाकळीच्या अंगाने गेली. पातूर बाजूला राहिलं. मोठा रस्ता मात्र पातूरवरूनच. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१. आता त्यावरून ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्री भरधाव जातात. थांबायची गरज उरली नाही, आणि ज्या गावाचा धंदाच थांबवण्याचा होता त्याला याचा फटका बसणारच. बुर्गोसलाही असाच फटका बसला होता; लोकरीचा व्यापार गेला तेव्हा ते शहर कित्येक पिढ्या पेंगत पडलं होतं. कामिनो परतली तेव्हा थांबणारे पुन्हा येऊ लागले.

म्हणून पालखीचा तो एक दिवस नीट पाहायला हवा.

आदल्या दिवसापासून घराघरांत कुणाकडे किती पानं, याची वाटणी सुरू असते. कुणी वरण-पोळी आणि वांग्याची भाजी करणार, कुणी रोडगे भाजणार, कुणी फक्त मठ्ठा. झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी मात्र कुठे ना कुठे असतेच; महाराजांच्या नावाने शिजणाऱ्या पंगतीत तिचा मान ठरलेला. पालखी टेकली, की बायामाणसं दर्शनाला सरकतात, आणि त्याच वेळी मागच्या बाजूला दुसरं काम चालू होतं. पायांचं. परातीत कोमट पाणी, वाटीत तेल, आणि खाली बसलेला गावचा कुणी दुकानदार किंवा मास्तर एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याच्या टाचा चोळत असतो. टाचेला भेगा इतक्या खोल, की तेल आत मुरताना म्हाताऱ्याचा चेहरा आकसतो. “हळू ना बाप्पा,” तो म्हणतो. “हळूच हाय माउली,” खालून उत्तर येतं. केस कापून देणारे खुर्ची टाकून बसतात. चपलांची शिवण उसवली असेल तर तीही तिथल्या तिथे. पैशाचं नाव काढायचं नाही.

कामिनोवर चालणारा बहुतेक एकटा असतो. कुणी नोकरी सोडून आलेला, कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाला नुसतंच चालायचंय. धर्मशाळेत खाट मिळते, पण ती वेळेत पोहोचला तर. शिक्का त्याच्या नावावर, प्रमाणपत्र त्याच्या नावावर. शेगावच्या पालखीत तुमचं नाव कुणी विचारत नाही. पांढरा पोशाख, पायांत ठेका, रांगेतली जागा ठरलेली. टाळकरी, पताकावाले, सेवेकरी ज्याच्या त्याच्या कामाला. वारकऱ्यांमागे संस्थानाची पाण्याची, औषधाची गाडी चालते. शेगाव संस्थानाचं हे नेटकेपण शिवशंकरभाऊ पाटलांच्या कारभारात इतकं मुरलं, की २०२१ साली भाऊ गेल्यावरही ते तसंच दिसतं. दोन्हींपैकी एक वाट श्रेष्ठ ठरवायचा खटाटोप कुणी करू नये. मात्र आपल्याकडचा तरुण हिमालयात किंवा स्पेनमध्ये ‘स्वतःला शोधायला’ जातो तेव्हा त्याने एकदा या सातशे जणांत चालून पाहावं. तिथे स्वतःला विसरायची सोय आहे.

या दोन वाटांमधला एक धागा वऱ्हाडातच सापडतो. कामिनोवर पहिलं मोठं शहर येतं पाम्प्लोना, नावार प्रांतातलं. त्याच नावारच्या एका गढीत १५०६ साली फ्रान्सिस झेवियर जन्मला आणि १५४२ साली गोव्याला उतरला. जुन्या गोव्यातलं त्याचं शव पाहायला आजही रांगा लागतात. अमरावतीच्या कॅथलिक धर्मप्रांताचं कॅथेड्रल त्याच्याच नावाने आहे. तेव्हा कॅथेड्रल बघायला स्पेनलाच गेलं पाहिजे असं नाही, अमरावतीचं तिकीट पुरतं.

पातूर पाहायचं तर सोबत घाट हवाच. सकाळी लवकर रेणुकेची टेकडी, मग गुहा, दुपारी दर्गा आणि नानासाहेब, संध्याकाळी मेडशीच्या दिशेने घाट. पावसाळ्यानंतर गेलं तर सागाची पानं हिरवीगार असतात आणि तालुक्यातलं मोर्णा धरण भरलेलं. उन्हाळ्यात याच रानात पळसाशिवाय रंग नसतो. घाट चढून वाशीम जिल्ह्यात गेलं, की पुढे शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. जमिनीला न टेकता राहिलेली मूर्ती म्हणून ख्याती. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या वादात तिचं दालन चार दशकं कुलूपबंद होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली उघडलं. पालखीही त्याच वाटेने पुढे जाते.

पातूरहून ती निघते ते उजाडायच्या आत, कारण ऊन चढायच्या आधी घाट काढायचा असतो. गावातली काही मंडळी घाटाच्या तोंडापर्यंत पोहोचवायला जातात, काही थेट मेडशीपर्यंत चालून दुपारच्या एसटीने परततात. पंढरपूरहून पालखी शेगावला परतते तीही पायीच, पण दुसऱ्या वाटेने. जालना, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव असा तो रस्ता आहे. परतीत पातूर लागत नाही. त्यामुळे इथे ज्याचं दर्शन हुकलं, त्याला एक तर खामगाव गाठावं लागतं, नाहीतर पुढचा जेठ.